फेकून दिलेल्या ओळी

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. आता केसही गेले आणि ते दुकानही गेलं, म्हणून कबूल करायला फारसं जड जात नाही. त्या वेळी कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात पहिला नंबर माझाच असायचा.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. वर्ध्याला एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी कामाला होतो. दुकान पहिल्या मजल्यावर, खाली चष्मेवाला. सकाळी क्लास चालायचे, दुपारून दुरुस्त्या, आणि कुणाला एखादा प्रोग्राम लिहून पाहिजे असला तर मधल्या वेळात तो. दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. मी पवनारहून सायकलने यायचो. गावात 'कॉम्प्युटरवाला' म्हटलं की माझंच नाव निघायचं, आणि त्याची मला चांगलीच सवय झाली होती.

ती हिंगणीची. आधी क्लासला विद्यार्थिनी म्हणून आली. पहाटेची एसटी पकडून, सेलूला गाडी बदलून, पहिल्या बाकावर येऊन बसायची. शेतकऱ्याची मुलगी, कॉलेज झालेलं, बोलणं अगदी गावचं. मला सर म्हणायची. मीच एके दिवशी म्हटलं, सर नको म्हणू, दादा म्हण. मोठेपणा दाखवायची हौस होती, दुसरं काय. मी तिला माउस धरायला शिकवला, प्रोग्राम कसा लिहायचा ते शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी माझा आवडता नियमही सांगितला: कुठलंही नवीन काम सुरू करताना पहिल्या ओळीत आजची तारीख, वार, वेळ आणि हे काम कशासाठी, ते लिहायचं. नंतर आपलीच आपल्याला ओळख लागत नाही, म्हणून.

वर्षभरात काकांनी तिला कामावर घेतलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तिच्या हाताला यश होतं. मी दोन तास झगडून सोडलेला प्रिंटर ती वीस मिनिटांत चालू करायची, आणि वरून म्हणायची, "दादा, तुमी अर्धं केलंच होतं." हे तर जास्तच लागायचं. गिऱ्हाईक जिना चढून यायचं आणि माझ्याकडे पाहून विचारायचं, "त्या हिंगणीच्या ताई हायेत का?" ती आत बसलेली असायची आणि मी सांगायचो, जेवायला गेली. एकदा तर सकाळी साडेदहाला सांगितलं. तिच्या डब्यातल्या आंबाडीच्या भाजीचंसुद्धा काका कौतुक करायचे. माझ्या डब्याकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

अशात सिंदीच्या एका जिनिंगचं काम आलं.

सिंदी रेल्वे या गावी कापसाच्या जिनिंग, म्हणजे सरकी काढणारे कारखाने, पुष्कळ. त्यातल्या एकाने नवीन प्रेस बसवली होती, म्हणजे सरकी काढून झालेल्या रुईची दाबून गाठ बांधणारी मशीन. तिच्या पॅनेलची वायर केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. प्रेस चालू झाली, थांबली, गाठ सुटली, की कॉम्प्युटर वेळ टाकून एक ओळ लिहून ठेवायचा. त्याला लॉग म्हणायचं. मशीनची रोजनिशीच ती. तर दिवाळीपासून ही प्रेस गाठ अर्धी दाबून झाली की मधेच बंद पडत होती. अर्धी गाठ पुन्हा सोडावी लागायची. प्रेस बनवणारे म्हणत होते, मशीन चांगली आहे, तुमचा माणूस चालू प्रेसचं बटण दाबतो. शेठ, म्हणजे मोठ्या शेठजींचा मुलगा, काकांना म्हणाला, "लॉगमधून पाहून द्या काका. फिटरची चूक असंन तं त्याले काढतो. नसंन तं कंपनीशी भांडतो."

म्हणजे एका माणसाची नोकरी त्या फायलीत होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर विसरलो असं म्हणायची सोय नाही.

काकांनी काम मला दिलं. मी पॅसेंजरने सिंदीला गेलो, फ्लॉप्यांवर लॉग भरून घ्यायला. केबिनमधल्या कीबोर्डावर रुईचा थर बसला होता, बटणं दिसत नव्हती. पहिल्या पाळीचा फिटर आला, हवेचा पाइप घेऊन फुर्रकन सगळं उडवलं आणि हसला. पन्नाशीचा माणूस, जुन्या प्रेसवर आयुष्य गेलेलं. आठ ते चार त्याची पाळी. फ्लॉप्या भरेपर्यंत त्याने चहा मागवला.

"भाऊ," तो म्हणाला, "मले म्हणते तुह्या पाळीत प्रेस थांबते. माह्या पाळीत थांबतच नाई. मी कोनाले सांगू? दुसऱ्या पाळीवाला मुका बसला हाये. तुमच्या कॉम्प्युटरलेच विचारा न एकदा नीट."

मी म्हटलं, "विचारतो." आणि चहा पिऊन निघालो. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, माणसं काय, काहीही सांगतात. खरं ते फ्लॉपीत.

दुकानात येऊन मी स्क्रिप्ट लिहायला बसलो. स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम, लॉगची एकेक ओळ वाचून प्रेस कधी आणि कशाने थांबली ते काढून देणारा. अर्ध्या दिवसात लिहून झाली. चालवली तर पहिल्याच दिवसाच्या ओळींवर मेली. दसऱ्याचा दिवस होता तो, हंगामाच्या मुहूर्ताचा. तिथे वेळ दुपारी दोनपर्यंत पुढे जात होती आणि एकदम मागे येऊन अकरा वाजत होते. वेळ मागे जात नसते, एवढं शहाणपण मी स्क्रिप्टला शिकवलं होतं. म्हणून मी तो आख्खा दिवस गाळून टाकला. पुढे काही ओळी अर्ध्याच तुटलेल्या, काही दोन-दोन चिकटलेल्या. काहींत मधेच चौकोन आणि फुल्या. आणि काही तर मशीनच्या नव्हत्याच, केबिनमध्ये बसणाऱ्या कारकुनाने इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेत काहीबाही टाइप करून ठेवलेलं. प्रत्येक ठिकाणी स्क्रिप्ट मरायची, प्रत्येक ठिकाणी मी चिडायचो. शेवटी एक नियमच घातला: जी ओळ सरळ नाही ती फेकायची. पहाटे पाच-सहाच्या ओळीही होत्या, प्रेस त्या वेळी चालत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याही फेकल्या.

मग स्क्रिप्ट कशी लोण्यासारखी चालली. स्वच्छ, देखणा रिपोर्ट निघाला. प्रेस जेवढ्या वेळा मधेच थांबली तेवढ्या वेळा कारणाच्या जागी एकच आकडा होता, 'हाताने थांबवली' त्याचा. वेळ दुपारी दोनच्या आसपास. म्हणजे पहिली पाळी. म्हणजे तोच फिटर.

काकांनी रिपोर्ट पाहिला, मान डोलावली, आणि म्हणाले, "चांगला केला. पहिली पाळी, एवढं शेठला फोनवर कळवतो. पण माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे, तिलाही एकदा पाहू दे. शेठला म्हणतो, आठवडाभर थांब."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी ज्या मुलीला माउस धरायला शिकवला ती माझं काम तपासणार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. मी फ्लॉप्या तिच्या टेबलावर ठेवल्या, ठेवल्या म्हणजे आपटल्याच.

तिने स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली. मी येता-जाता नजर टाकत होतो, मरते का पाहायला. मरत नव्हती. वाकडी ओळ आली की तिची स्क्रिप्ट ती उचलून दुसऱ्या फायलीत टाकायची, कितव्या नंबरची ओळ तेही सोबत लिहायची, आणि पुढे चालू लागायची. दोन दिवस तिचं तेवढंच चाललं होतं. रिपोर्ट नाही, काही नाही, नुसता वाकड्या ओळींचा ढीग.

"कचरा जमा करून काय करतेस?" मी विचारलं.

"फेकून कसा देऊ दादा? आई तूर निवडते न घरी, तं खडे फेकत नाई. ताटलीत ठेवते. मंग पाहाते, खडे किती निंगाले, कायचे निंगाले. जास्त निंगाले तं पोतं वापस करते."

"ही तूर नाही."

"हाव दादा," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिला माझा राग येत नाही, याचाही मला राग यायचा.

संक्रांत होऊन गेली होती. तिच्या बहिणीचं लग्न निघालं आणि ती सोमवार ते गुरुवार सुट्टीवर गेली. जाताना काकांना म्हणाली, ढीग झाला आहे, वाचायचा राहिला, शुक्रवारी आल्यावर वाचते. शेठने आठवडाभराची मुदत दिलीच होती.

सोमवारी सकाळी मी तिच्या मशीनवर बसलो. माझ्या मशीनचा पंखा आवाज करतो असं काकांना सांगितलं. खरं म्हणजे मला तो ढीग पाहायचा होता, त्यात काही नाही अशी स्वतःची खात्री करून घ्यायची होती आणि मग निवांतपणे चहा प्यायचा होता.

ढीग उघडला. सुरुवातच मी गाळलेल्या दसऱ्याने होत होती. खाली तुटक्या ओळी. जिथे जिथे ओळी तुटत होत्या त्याच्या मागेपुढेच प्रेस थांबलेली होती, हे नंबर पाहून लगेच ध्यानात येत होतं. मी तुटकी ओळ फेकली आणि नेमकी थांबण्याशेजारची ओळ फेकली. मग कारकुनाचं लिहिणं आलं. मशीनने वेळ टाकली होती दुपारचे दोन, आणि कारकुनाने टाइप केलं होतं: पाच वाजता लाइन बसली, प्रेस बंद, सव्वापाचले चालू. लाइन म्हणजे वीज. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. पुन्हा दोन, पुन्हा पाच. दर वेळी तीन तासांचा फरक.

मी जिना उतरून शेजारच्या एसटीडी बूथवरून सिंदीच्या त्या केबिनमध्ये फोन लावला. कारकुनाने उचलला. विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं हाये का?"

"हाव, तीन तास मागं हाये," तो म्हणाला, जसं काही मी पेपर आला का विचारलं होतं. "दसऱ्याले मुहूर्त अकराचा होता न, आन् लाइन गेलती. दोनले आली. मोठे शेठजी म्हणे पयली गाठ मुहूर्तावरच पाह्यजे. तं घड्याळ मागं केलं. अकरा वाजवले आन् गाठ काढली."

"मग पुन्हा पुढं काऊन नाई केलं?"

"असं कसं करता? मुहूर्ताचं घड्याळ हाये. हंगाम संपेपर्यंत हात लावत नाई त्याले. सगळ्याईले माहीत हाये."

सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं. लॉगमधले दोन म्हणजे खरे पाच. पाचला पहिल्या पाळीचा फिटर घरी पोचून तासभर झालेला असायचा. हिवाळ्यात पाचलाच शेतीची लाइन सुरू व्हायची, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम लागायचे आणि व्होल्टेज बसायचं. व्होल्टेज बसलं की प्रेस थांबायची, आणि पॅनेल बिचारं त्याची नोंद बटण दाबल्याच्याच आकड्याने करायचं. आणि मी फेकलेली पहाटेची पाच म्हणजे सकाळचे आठ, पाळी सुरू व्हायची वेळ. सगळं जुळत होतं.

आता मी काय करायला पाहिजे होतं, ते शाळेतलं पोरही सांगेल. बूथवरच उभा होतो. आणखी एक फोन, शेठला. घड्याळ तीन तास मागे आहे, फिटर निर्दोष आहे. एवढंच.

पैसे देऊन मी जिना चढून वर आलो. कारण फोन केला असता तर शेठने विचारलं असतं, कसं सापडलं? आणि काकांनी सगळ्यांना सांगितलं असतं, हिंगणीवालीने वाकड्या ओळी जपून ठेवल्या म्हणून सापडलं, याने तर फेकल्या होत्या. मला ते वाक्य काकांच्या आवाजात ऐकू येत होतं. मी स्वतःशी वाद घातला. ढीग तिचा, पण वाचला कुणी? मी. फोन कुणी केला? मी. तिने तर उघडूनही पाहिलं नव्हतं. तरी नाव तिचंच होणार. मला ते सहन होईना. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला होता, आणि त्यात मला फिटर दिसेनासा झाला.

मी ठरवलं, माझीच स्क्रिप्ट अशी करायची की वाकड्यातली वाकडी ओळही तिने गिळली पाहिजे. मग सगळं माझ्याच स्क्रिप्टमधून निघेल, तिच्या ढिगाचं नाव घ्यायला नको. शुक्रवारच्या आत. शेठ आठवडाभर थांबणारच आहे, मग एक-दोन दिवसांनी काय बिघडतं?

माझ्या मशीनवर परत येऊन नवीन फाइल उघडली आणि कामाला लागलो. आणि सांगतो, तेवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही. तुटलेली ओळ असेल तर उरलेल्या अर्ध्यातून जेवढं कळतं तेवढं घ्यायचं. चिकटलेली असेल तर तारीख पाहून तोडायची. फुल्या-चौकोन बाजूला काढून ठेवायचे. वेळ मागे गेली तर मरायचं नाही, किती मागे गेली ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्याने सरकवायच्या. कारकुनाचं लिहिणं वेगळं ओळखायचं आणि त्यात वेळ सापडली तर मशीनच्या वेळेशी ताडून पाहायची. काहीच फेकायचं नाही. ज्याचा अर्थ लागत नाही ते शेवटी नंबरांसह छापायचं. म्हणजे तिचाच ढीग, पण त्याला मी दुसरं नाव दिलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी जेवायलाही खाली उतरत नव्हतो. काका म्हणाले, "आज बरं मन लागून राह्यलं तुझं." त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी शेठचा फोन आला. काका बँकेत गेले होते, मी उचलला.

"भाऊ, काई नवीन निंगालं का? उद्या कंपनीवाले येऊन राह्यले. मले आजच काय तो फैसला करा लागते."

मला आजही तो रिसीव्हर आठवतो. बोलायच्या जागी कुणीतरी अत्तर लावून ठेवलं होतं, त्याचा वास यायचा. चिकटलेल्या ओळी अजून नीट तुटत नव्हत्या. एक दिवसाचं काम राहिलं होतं.

"चालू हाये शेठजी," मी म्हटलं. "आतापर्यंत तं पयलाच रिपोर्ट कायम हाये."

"बस," तो म्हणाला, "एवढंच पाह्यजे होतं." आणि फोन ठेवला.

मी खोटं बोललो नव्हतो, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा रिपोर्ट झालाच नव्हता, तर पहिलाच कायम. मग पुन्हा चिकटलेल्या ओळींकडे वळलो.

गुरुवारी दुपारी चारला स्क्रिप्ट दसऱ्यापासून शेवटपर्यंत एकदाही न मरता चालली. रिपोर्टात खऱ्या वेळा आल्या, प्रत्येक थांबणं पाचच्या आसपास, शेजारी कारकुनाचा पुरावा. मी काकांना बोलावून दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनीच शेठला फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, घड्याळ, मुहूर्त, शेतीची लाइन.

शेठ म्हणाला, "त्याले तं काल संध्याकाळीच सांगून टाकलं भाऊ, उद्यापासून येजो नको. सगळ्या लोकाईसमोर सांगितलं. तुमी कालच बोलले असते तं." मग म्हणाला, माणूस पाठवतो, वापस बोलावतो.

शुक्रवारी ती आली, हाताला मेंदी, डब्यात लग्नातले अनारसे. काकांनी जिन्यातच तिला सांगितलं, तुझ्या दादाने मैदान मारलं. पेढे आणले होते. मी पेढा खाल्ला. इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी जळत होतो ते समोर होतं, आणि ती तर माझ्यापेक्षाही खूश झाली होती. माझ्याच खुर्चीवर बसून म्हणाली, "दादा, पाहू द्या न कशी केली. मले शिकाची हाये." आणि मी नको म्हणायच्या आत तिने फाइल उघडली.

पहिल्या ओळीत, मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. तारीख. सोमवार. सकाळी साडेअकरा. कशासाठी: सिंदी, कॉम्प्युटरचं घड्याळ तीन तास मागे असल्याने चुकलेल्या वेळा दुरुस्त करण्यासाठी.

तिने ती ओळ वाचली. मग खाली जाऊन स्क्रिप्ट वाचली, सगळी, सावकाश. मग पुन्हा वर येऊन पहिली ओळ वाचली. "लय चांगली हाये," ती म्हणाली. "माह्याहून चांगली हाये." एवढं बोलून ती उठली आणि आपल्या टेबलापाशी गेली.

काकांचं म्हणणं पडलं की फिटरला जाऊन भेटावं, शेठचा निरोप गेला तरी तो कामावर आला नव्हता. शनिवारी दुपारून आम्ही दोघं सिंदीला गेलो. स्टेशनापासून चालत गेलो, ती चार पावलं पुढे. तो अंगणात खाटेवर बसला होता. आम्हाला पाहून उठला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, शेठने बोलावलं आहे, चला.

"आता नाई जात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "शेठनं मले नाई विचारलं, कागदाले विचारलं. एवढे साल झाले, एकडाव मले विचारलं असतं तं मीच सांगितलं असतं का घड्याळ मागं हाये. म्याच तं केलतं मागं. कागदात दोनची वेळ हाये हे मले कोनी सांगितलंच नाई, नुसतं म्हणे तुह्या पाळीत. चार लोकाईत मान खाली घालून निंगालो मी तिथून. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

बायकोने चहा आणला. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "पन तुमीच काढलं म्हणते न खरं? बरं झालं भाऊ. लोकाईले तं समजलं का मी लबाड नाई. देव तुमचं भलं करो." मग बशीत चहा ओतता ओतता सहज विचारलं, "कवा समजलं तुमाले?"

ती माझ्या शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"एक दिवस उशीर झाला," तो म्हणाला. "नशीब म्हना."

तिने अर्धा प्यालेला कप खाली ठेवला. एक शब्द बोलली असती तर तो माणूस तिथेच मला काय म्हणाला असता, कुणास ठाऊक. ती फक्त त्याच्या बायकोला म्हणाली, चहा छान होता, आणि दोघांना नमस्कार करून उठली.

पॅसेंजर उशिरा होती. फलाटावर गाठींचे ढीग लागले होते, आम्ही त्यांच्या सावलीत उभे होतो. मी काहीबाही बोलायचा प्रयत्न केला, तिच्या बहिणीच्या लग्नाचं विचारलं. तिने विचारलं तेवढंच उत्तर दिलं. गाडी दिसायला लागली तेव्हा तिने खांद्यावरची पिशवी सावरली.

"सर," ती म्हणाली, "तुमी या डब्यात बसा. मी लेडीजमधे बसते."